बर्फवाल्यांच्या घरातला ताप

"आबा, बर्फ आणा! लवकर!"

आतल्या खोलीतून धाकट्या सुनेची हाक आली आणि स्वयंपाकघरात कांदा चिरत बसलेल्या थोरलीची सुरी जागच्या जागी थांबली. हाकेमागोमाग पोरीचं रडणं आलं... नेहमीचं हट्टाचं नव्हे, पडल्याझडल्याचंही नव्हे. एकसुरी, मंद, मध्येच विरून जाणारं. असलं रडणं ज्या बाईने एकदा ऐकलंय तिला ते दुसऱ्यांदा ओळखायला वेळ लागत नाही. थोरलीने ओळखलं. पोरीला ताप भरला होता आणि तो साधासुधा नव्हता. ती उठली, खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली, कारण त्या खोलीचा उंबरा ओलांडायची तिला बंदी होती.

आता बंदी म्हणजे काही कुणी दवंडी पिटून घातलेली नव्हती. सभ्य घरांत असल्या गोष्टी न बोलताच ठरतात. थोरलीने वाढलेलं सगळ्यांना चालायचं, तिने धुतलेले पोरीचे कपडे चालायचे, तिने शिवलेला झगासुद्धा चालायचा; फक्त पोरीला तिचा हात लागलेला चालत नव्हता. गुंडी दुडूदुडू तिच्याकडे निघाली की धाकटी काहीतरी निमित्त काढून लेकीला उचलायची, आणि थोरली पुढे केलेले हात पदराला पुसून पुन्हा कामाला लागायची. दीड वर्ष हे असंच चाललं होतं. भांडण नाही, तंटा नाही... भांडण परवडलं असतं.

हे घर बर्फवाल्यांचं. अंगण ओलांडलं की मागे कारखाना. मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवलेले लांबोडके पत्र्याचे डबे, त्यांतून निघणाऱ्या काचेसारख्या लाद्या, भुशाचे ढीग, ओल्या गोणपाटांचा वास, आणि दिवसभर घुमणारं यंत्र. त्या यंत्राची घरघर घरच्यांना ऐकूच यायची नाही. बंद पडलं तरच सगळे दचकायचे. मासळीवाले, सरबतवाले, दूध डेअरीवाले सगळे इथलाच बर्फ न्यायचे. आबांनी तो धंदा शून्यातून उभा केलेला, त्यामुळे बर्फावर त्यांची श्रद्धा म्हणजे काही विचारू नका. दात दुखला, बर्फ. पाय मुरगळला, बर्फ. पोरांना गालगुंड झालं, बर्फ. नवराबायकोत वाजलं तरी आबा बाहेरून ओरडायचे, "डोक्यावर बर्फ ठेवा रे दोघं!" आणि ताप आला तर मग बोलायलाच नको. "आमच्या घरात ताप टिकत नाही," हे वाक्य ते पाहुण्यांना न विचारता ऐकवायचे. दुसरीकडच्या माणसांनी फार तर ओलं फडकं कपाळावर ठेवलं असतं. या घरात मात्र लादीच्या लादी हाताशी होती, आणि हाताशी असलेली वस्तू औषध वाटायला लागणं हा माणसाचा स्वभावच आहे.

थोरली या घरात आली ती थोरल्या मुलाची बायको म्हणून. पण थोरला कारखान्यातच गेला. यंत्राची एक नळी जुनी झाली होती, ती बदलू बदलू म्हणत आबांनी हंगाम संपायची वाट पाहिली, आणि हंगामाच्या ऐन भरात ती फुटली. यंत्रातला विषारी वायू आत कोंडला. थोरला आत होता... धाकट्याने त्या दिवशी बापाच्या तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या बर्फाने माझा भाऊ खाल्ला." त्यानंतर बापलेकांत कितीतरी महिने शब्द नव्हता. एकाच टाकीवर दोघं काम करायचे आणि निरोप मात्र गड्यांमार्फत पाठवायचे. थोरली दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची आणि आपलं दुःख रात्रीसाठी राखून ठेवायची.

मग गुंडीचा जन्म झाला. धाकटी विमा कचेरीत नोकरीला होती, कामात हुशार, वरचेवर बढत्या मिळवणारी. रजा संपली तशी ती तान्ह्या लेकीला थोरलीच्या ओटीत घालून निर्धास्त कामावर जायला लागली. आणि त्या मुठीएवढ्या जिवाने घर पुन्हा जोडलं म्हणा ना. नात दाखवायच्या निमित्ताने धाकटा बापाशी बोलू लागला. थोरलीच्या रित्या अंतःकरणात वात्सल्याला जागाच जागा होती. ती पोर तिथे ऐसपैस पसरली. थोरलीला त्या काळात, सांगायला संकोच वाटेल इतकं, सुख झालं.

आणि मग तो दिवस आला. गुंडीचं अंग सकाळपासून कोमट होतं. थोरली तिला आबांजवळ देऊन गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. तेवढ्या वेळात ताप चढला आणि आबांनी त्यांच्या परीने मोठ्या मायेने टबात पाणी भरलं, त्यात लादीचे तुकडे टाकले आणि नातीला कंबरेपर्यंत त्यात बसवलं. थोरली खाली आली तेव्हा पोरीचे ओठ निळे होते, अंग काकडत होतं, आणि बघता बघता ती ताठ झाली, डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले. थोरलीने तिला पाण्यातून ओढून काढलं, पदरात गुंडाळलं आणि अनवाणी दवाखाना गाठला. झटका थोड्या वेळाने आपोआप थांबला. डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला बसवून सगळं समजावलं. काही लहान मुलांना ताप एकदम चढला की असा झटका येतो. दिसतो भयंकर, पण बहुतेकदा इजा न करता जातो. झटका बर्फानेच आला असं म्हणता येणार नाही, पण बर्फाने भलंही काही होत नाही. पोर काकडली की शरीर आतून आणखी तापतं. थोरलीने एकेक शब्द मनात साठवला.

एवढ्यात धाकटी कचेरीतून धावत आली. तिने लेकीला छातीशी धरलं आणि पहिला प्रश्न केला तो बर्फवाल्यांच्या घरचाच.

"बर्फ नाही का लावलात हिला?"

बाकावर आबा बसले होते. त्यांच्या पलीकडे धाकटा उभा होता, ज्याने बापाशी बोलायला नुकती कुठे सुरुवात केली होती. थोरलीने सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एक मुलगा गेलेला माणूस दुसरा मुलगा गमावण्याच्या बेतात दिसत होता. आपलं काय जाणार आहे, असं तिला वाटलं. नवरा नाही, मूल नाही; बोल लागून लागून किती लागेल?

"नाही लावला," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

तिचा हिशेब चुकला. आपल्याजवळ गमवायला काही नाही असं तिला वाटलं होतं, आणि नेमकं होतं तेच गेलं. पोर तिच्यापासून तोडली गेली. धाकटीनेही काही सुखासुखी तोडली नाही. कुणावर भरवसा ठेवायचा म्हणून तिने ती हौसेची नोकरी सोडली आणि घरी बसली. रात्ररात्र लेकीच्या अंगाला हात लावून बघायची. दिवसासुद्धा डोळा मिटायची नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तिचा काय दोष? आणि आबा... आबा गप्प राहिले. थोरली समोर आली की मान खाली घालायचे. तिच्या खोलीचा गळका नळ न सांगता दुरुस्त करायचे, तिच्यासाठी बाजारातून चप्पल आणायचे. बोलायचं तेवढं मात्र बोलत नव्हते.

असं हे घर, आणि आज दुपारी त्याच घरात पुन्हा ताप आला.

थोरली उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, की आधी तिचा स्वेटर काढ, अंग मोकळं कर, तापाचं औषध दिलंस का? धाकटीने वळूनही न बघता सांगितलं, की दिलं होतं, ओकून टाकलं. टब खोलीत ओढून आणलेला होता, अर्धा भरलेला. गुंडी खाटेवर लालबुंद चेहऱ्याने पडली होती.

"तिला पाण्यात घालू नकोस गं," थोरली म्हणाली.

"तुम्ही मला शिकवू नका," धाकटी म्हणाली. "मागच्या वेळी तुमच्यावर टाकलं होतं, तेवढं पुरे झालं."

थोरलीला ते लागलं, पण ते नेहमीचंच लागणं होतं. नवं होतं ते वेगळंच काहीतरी. धाकटी जे करत होती ते तिनेच तर शिकवलं होतं! 'बर्फ लावला नाही म्हणून झटका आला' हा धडा या घराला कुणी दिला? तिने. एक वाक्य बोलून तिने सासऱ्यांना वाचवलं आणि त्याच वाक्याने आज पोरीसाठी टब भरला होता. आपण त्याग केला असं जिला दीड वर्ष मनातल्या मनात वाटत होतं, तिला आपल्या त्यागाचं हे रूप दिसलं.

ती मागच्या दाराने अंगणात गेली. आबा कारखान्यातून येत होते. लादीचे तुकडे गोणपाटात बांधून खांद्यावर घेतलेले, पाठ भिजलेली, पाय ओढत चाललेले. तिने त्यांची वाट अडवली.

"आबा, तुम्हाला माहीत आहे."

आबा थांबले. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं.

"ती आई आहे, तिने मागितलंय," ते म्हणाले. "काय सांगून नाही म्हणू?"

काय सांगायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. थोरलीने थोडा वेळ वाट पाहिली. म्हाताऱ्याने गोणपाट या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग ती वळली आणि सरळ त्या खोलीत शिरली. उंबरा कधी ओलांडला हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"बर्फ नको," ती धाकटीला म्हणाली. "त्या दिवशी बर्फ लावला होता. तिला बर्फाच्या पाण्यात बसवलं होतं. ती काकडली, ओठ निळे पडले, आणि मग झटका आला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की असं पुन्हा करायचं नाही."

धाकटीने आता वळून पाहिलं.

"कुणी बसवली होती?"

दारात आबा येऊन उभे राहिले होते. थोरलीला ते पाठीमागे जाणवले. खरं सांगायची वेळ आली होती, ती खरं सांगायलाच आत आली होती... आणि तरी तिच्या तोंडून निघालं,

"मी."

आता या बाईला काय म्हणावं! पोर वाचली पाहिजे आणि म्हाताराही वाचला पाहिजे. मधे उरलं कोण, तर ती स्वतः, आणि स्वतःला खर्चायची तिला सवयच लागली होती. पण एक खोटं लपवायला दुसरं आणलं की पहिलंही उघडं पडतं. धाकटी विमा कचेरीत वर्षानुवर्षं लोकांचे खरेखोटे दावे तपासत आलेली. तिने जावेकडे रोखून पाहिलं.

"तेव्हा म्हणालात लावला नाही, आज म्हणता लावला. उद्या तिसरंच काहीतरी सांगाल. मी तुमचं काय म्हणून ऐकू?" असं म्हणून तिने खाटेवरून गुंडीला उचललं. "आबा, टाका तो बर्फ."

आबांनी खांद्यावरचं ओझं खाली ठेवलं. ते पुढे आले, टबापाशी वाकले, आणि दोन्ही हातांनी टब उलथा केला. पाणी फरशीवरून खाटेखाली, दाराबाहेर, धाकटीच्या पायांवरून वाहत गेलं.

"मी घातला होता बर्फ," आबा म्हणाले. "पाण्यात मीच बसवलं तिला. ही गच्चीवर कपडे वाळत घालत होती. हिनेच येऊन बाहेर काढली, हिनेच दवाखान्यात नेली. मी बाकावर बसून ऐकत राहिलो... पोरगा पुन्हा अबोला धरेल म्हणून गप्प बसलो. आणि ही माझ्यापायी गप्प बसली."

धाकटीने सासऱ्यांकडे पाहिलं, मग जावेकडे. दीड वर्षातला एकेक दिवस तिच्या डोळ्यांपुढून जात असावा, कारण तिचा चेहरा हळूहळू पडत गेला. आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्या हातांतली गुंडी ताठ झाली. मान मागे गेली, बुबुळं वर सरकली, हातपाय झटके देऊ लागले.

धाकटीने दोन्ही हात पुढे केले आणि लेकीला थोरलीसमोर धरलं.

थोरलीचे हात आपोआप उचलले गेले होते. या पोरीच्या वजनासाठी ते दीड वर्ष आसुसलेले होते, काही लपवण्यात अर्थ नाही. पण तिने ते आवरले.

"नको. तूच ठेव," ती म्हणाली. "तुला हे जमायला हवं. इथे, कोरड्या सतरंजीवर. पाठीवर नाही, कुशीवर. हां... तोंडातून लाळ येईल ती बाहेर वाहू दे. गळ्याचं बटण सोड. दाबून धरू नकोस, झटके थांबवायला जाऊ नकोस."

आबा चमचा घेऊन धावले, दातखीळ बसेल म्हणून. थोरलीने त्यांना हातानेच थांबवलं. तोंडात काहीही घालायचं नाही, ना चमचा, ना बोट, ना पाणी. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर तडक इस्पितळ, तिने सांगितलं, आणि आबांना कारखान्यातली गाडी काढायला पिटाळलं. मग ती धाकटीच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली आणि दोघी बघत राहिल्या. बघत राहणं हेच सर्वांत अवघड काम असतं. आई असून काही करायचं नाही, फक्त पोर कुशीवर धरून घड्याळ बघायचं, यासारखी शिक्षा नाही.

गाडी दारात लागायच्या आत झटके मंदावले. मग थांबले. गुंडीने एक लांब श्वास सोडला, अंग सैल पडलं, आणि ती क्षीण आवाजात रडू लागली. या वेळचं रडणं ऐकून थोरलीचा जीव भांड्यात पडला. जाड दुलई नको, पातळ झगा पुरे, एवढं सांगून तिने दोघींना गाडीत बसवलं आणि स्वतः पुढे आबांच्या शेजारी बसली.

डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, कान बघितले, मान वाकवून बघितली. घसा सुजला होता, त्याचा ताप. वजन करून औषधाचं माप ठरवून दिलं; ओकली तर काय करायचं, थोडंथोडं पाणी कसं पाजायचं, कशावरून घाबरायचं आणि कशावरून नाही, सगळं सांगितलं. धाकटी ऐकत होती. बर्फाचं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, बर्फ सरबतात घाला.

बर्फ पोहोचवायला बाहेर गेलेला धाकटा निरोप मिळताच तिथेच येऊन पोहोचला. आबांनी त्याला दारातच गाठलं आणि, कुणी काही विचारायच्या आधी, सगळं सांगून टाकलं. थोरली लांबून बघत होती. आता बापलेकांचं पुन्हा तुटणार, ज्यासाठी एवढं केलं ते मातीत जाणार, असं धरून ती बसली होती. धाकटा ऐकत राहिला. मग बापाला सोडून तो तिच्याकडे आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"वहिनी, आबा चुकले ते मला कळतं," तो म्हणाला. "त्यांना बर्फाशिवाय काही येतच नाही. पण तुम्हाला तर माहीत होतं! तुम्ही गप्प बसलात, आणि आज माझी पोर पुन्हा त्या टबात गेली असती. आमच्यासाठी एवढं करू नका वहिनी. आम्हाला झेपत नाही."

एवढी वर्षं कुणी तिला असं रागावून काही बोललं नव्हतं. टोचून बोलले होते, न बोलून बोलले होते. समोर उभं राहून, हक्काने, घरच्या माणसासारखं कुणी रागावलं नव्हतं. थोरलीच्या डोळ्यांना धार लागली. चुकले, असं ती म्हणाली, आणि या वेळी ते खरं होतं. धाकट्याने मान हलवली, परत गेला, आणि पायऱ्या उतरताना बापाच्या कोपराला हात दिला. तो हात त्याने गाडीपर्यंत काढला नाही.

घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. आबा कारखान्यात गेले. दारात ठेवलेल्या गोणपाटातला बर्फ वितळून खोलीभर पाणी झालेलं, ते धाकट्याने झाडून काढलं. गुंडीने दोन घोट पाणी घेतलं, औषध पोटात राहिलं, आणि ती खाटेवर झोपली. अंग अजून गरम होतं, पण श्वास सरळ चालला होता. थोरली दाराशी घुटमळत होती. आता उंबऱ्याचं काय करायचं हे तिला नीटसं कळत नव्हतं.

धाकटीने खाटेजवळची खुर्ची पुसली आणि तिच्यापुढे सरकवली. थोरली बसली. माफीचं काही बोलणं होईल, रडारड होईल, पाय धरले जातील, या भीतीने ती अवघडून गेली होती. पण धाकटीने तसलं काही केलं नाही. तिने लेकीच्या अंगावरची चादर उगीचच सारखी केली. मग खाटेच्या बाजूला सतरंजी पसरली.

"ताई, मी जरा पडते," ती म्हणाली. "तुम्ही आहात ना इथे?"

आणि दीड वर्ष दिवसाढवळ्या डोळ्याला डोळा न लावलेली ती बाई हाताची उशी करून आडवी झाली. थोरलीने गुंडीच्या पोटऱ्यांवर हळूच हात ठेवला. ताप होताच, पण चढता नव्हता. "आहे," ती म्हणाली. ते ऐकायला धाकटी जागी नव्हती.